कार्डं तर मिळाली, आता काम कसं मिळवायचं? व्हॉइस आर्टिस्टसाठी पाठपुराव्याची रीत

नाशिकला गंगापूर रोडवर डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर कृषी प्रदर्शन लागलं की मी एक दिवस काढून जातेच. माझी शेती नाही. पण तिथे कितीतरी स्टॉलवर टीव्ही लावलेला असतो, त्यावर ठिबकची, फवारणी पंपांची, खतांची फिल्म दिवसभर फिरत असते, आणि त्या प्रत्येक फिल्मला कुणीतरी आवाज दिलेला असतो. पुढच्या वर्षी तो आवाज माझा असावा, म्हणून मी जाते. उद्योजकांच्या मेळाव्यांना आणि बिल्डरांच्या प्रॉपर्टी प्रदर्शनांनाही मी याच कारणासाठी जाते.

संध्याकाळी घरी आले की पर्समध्ये पंधरा-वीस कार्डं असतात. इथपर्यंत बहुतेक सगळे पोहोचतात. नवीन मुलं-मुली मला विचारतात, "ताई, ओळखी एवढ्या होतात, मग काम का येत नाही?" कारण काम ओळखीच्या दिवशी ठरत नाही. ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं, आणि तेवढ्या दिवसांत आपण एकतर गप्प बसतो किंवा सगळ्यांना एकच मेसेज ढकलतो. मला इतक्या वर्षांत एकच गोष्ट हमखास लागू पडलेली दिसली: समोरच्या माणसाला त्याचंच वाक्य आपल्या आवाजात ऐकवायचं. खालच्या पायऱ्या तिथपर्यंत जाण्यासाठी आहेत.

पायरी १: त्याच रात्री कार्डाच्या पाठीवर लिहा

जेवण झालं की कार्डं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाच्या मागे तीन गोष्टी लिहा. ते काय विकतात, बोलताना त्यांच्या तोंडून आलेलं एखादं वाक्य, आणि आवाज कोणाचा घ्यायचा हे तिथे कोण ठरवतं. उद्यावर टाकलंत तर निम्मं विसरलेलं असेल.

माझ्याकडचं एक कार्ड सांगते. द्राक्षासाठी औषधं विकणारे एक काका होते. त्यांच्या कार्डामागे मी लिहिलं होतं: "गावचा आवाज पाहिजे, पण खेडवळ नको. छाटणीच्या आधी. मुलगा ठरवतो." एवढ्या तीन ओळींत सगळं काम आहे. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळछाटणीच्या तोंडावर शेतकरी औषधांची खरेदी करतो, म्हणजे काकांची फिल्म ऑगस्टमध्ये तयार हवी, म्हणजे आवाज जुलैत रेकॉर्ड व्हायला हवा. सप्टेंबरात फोन केला असता तर काका गोड बोलले असते आणि काम दुसऱ्याचं झालेलं असतं. "मुलगा ठरवतो" ही ओळ तर सगळ्यात महत्त्वाची, कारण नमुना कोणाच्या नंबरवर पाठवायचा ते तिने सांगितलं.

पायरी २: कार्डांचे तीन गठ्ठे करा

पहिला गठ्ठा आत्ता काम असलेल्यांचा, दुसरा पुढेमागे काम निघू शकेल अशांचा. तिसऱ्यात एडिटर, रेकॉर्डिस्ट, छोट्या जाहिरात संस्थांमधली मुलं आणि आपल्यासारखेच आर्टिस्ट. नवीन लोक हा तिसरा गठ्ठा बाजूला टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नाशिकमध्ये बिल्डरची किंवा शाळेची फिल्म करणारा एडिटर पुष्कळदा एकटाच सगळं करतो. क्लायंट त्याला म्हणतो, "आवाजाचं तूच बघ रे." त्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर असेल तर ते काम तुमच्याकडे येतं. एखाद्या आर्टिस्टला न जमणारं काम असतं, तेव्हा तोही आपलं नाव सुचवतो, फक्त आपणही त्याचं नाव कधी सुचवलेलं असलं पाहिजे.

पायरी ३: पहिला मेसेज दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या

दुकानदार, डीलर, छोटे उद्योजक यांना व्हॉट्सॲप. सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्या, जाहिरात संस्था आणि मुंबईचे स्टुडिओ यांना ईमेल, कारण तिथे मेल पुढच्या माणसाकडे सरकवता येतो. वेळ सकाळी अकरा ते साडेबारा, नाहीतर चारनंतर. दुकान उघडताना पूजा आणि झाडलोट चालू असते, तेव्हा कुणाला त्रास देऊ नये.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली होती. एका मेळाव्यातल्या सगळ्या कार्डांवर मी एकच ब्रॉडकास्ट मेसेज पाठवला, चार डेमो जोडून. एकाचंही उत्तर आलं नाही. महिन्याभराने त्यांच्यापैकी एक ताई भेटल्या आणि मोकळेपणाने म्हणाल्या, "मला वाटलं कर्जाचा मेसेज आहे." तेव्हापासून पहिल्या ओळीत भेटीची खूण असल्याशिवाय मी मेसेज पाठवत नाही.

मेसेज असा असावा:

"नमस्कार साहेब. काल डोंगरे मैदानावर तुमच्या स्टॉलवर आपण भेटलो होतो. शेतकऱ्याला आवाज आपल्यातला वाटला पाहिजे, असं तुम्ही म्हणालात, ते माझ्या लक्षात राहिलं. तुमच्या फिल्ममधलं एक वाक्य मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून उद्या पाठवते. वीस सेकंदांचं आहे, सवडीने ऐका."

यात "काम असेल तर सांगा" हे वाक्य नाही, हे बघा. तुम्ही काहीतरी देणार आहात, एवढंच त्यात आहे. साहेब, ताई, काका, सर, जे प्रत्यक्ष भेटीत म्हणालात तेच मेसेजमध्ये ठेवा. समोरासमोर काका आणि मेसेजमध्ये "आदरणीय महोदय" असं केलं की माणूस दूर जातो. व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलमध्ये नावापुढे व्हॉइस आर्टिस्ट लिहा आणि स्वतःचा नीट फोटो लावा, म्हणजे नंबर सेव्ह नसला तरी कोण ते कळतं.

पायरी ४: नमुना

खरी मेहनत इथे आहे. तयार डेमो असावाच, ६० ते ९० सेकंदांचा, सगळ्यात चांगला तुकडा अगदी सुरुवातीला, आणि जाहिरात, माहितीपट, डबिंग यांचे वेगवेगळे. पण पाठपुराव्यात आधी डेमो पाठवू नका. आधी त्यांच्या मालाचं, त्यांच्या भाषेतलं १५-२० सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवा.

माझा स्टुडिओ म्हणजे इंदिरानगरच्या घरातलं कपड्यांचं कपाट. आतल्या साड्या आणि दारावर टाकलेली आजीची गोधडी, एवढ्याने आवाजाचा घुमारा जातो. रात्री दहानंतर बसते, कारण तोवर खालच्या रस्त्यावरचे हॉर्न कमी होतात. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. रेकॉर्ड झालं की हेडफोनवर ऐकते आणि मग तीच फाइल मोबाइलच्या स्पीकरवर लावून मोबाइल ओट्यावर ठेवते आणि चार पावलं मागे जाते. कारण काकांचा मुलगा ती फाइल दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या गडबडीत ऐकणार आहे. तिथे औषधाचं नाव स्पष्ट ऐकू आलं नाही तर बाकी सगळं वाया. काकांच्या नमुन्यात मला "भुरी" या द्राक्षावरच्या रोगाच्या नावातला "भु" पुसट वाटला, म्हणून तेवढं एक वाक्य सहा वेळा घेतलं होतं.

फाइल एमपीथ्री चालते, पण व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. मोबाइलमध्ये थेट बोलून व्हॉइस नोट पाठवू नका. तिचा दर्जा उतरतो आणि ऐकणाऱ्याला तोच तुमचा दर्जा वाटतो. फाइलला त्यांच्या मालाचं आणि तुमचं नाव द्या, 'न्यू रेकॉर्डिंग सात' असं ठेवू नका. काम मिळाल्यावर अंतिम फाइल वेव्ह स्वरूपात द्यायची, व्हिडिओसाठी साधारण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. फोनच्या आयव्हीआरसाठी, म्हणजे "मराठीसाठी एक दाबा" सांगणाऱ्या आवाजासाठी, पुष्कळदा ८ किलोहर्ट्झची मोनो फाइल मागतात. हे आधी विचारलंत तर समोरच्याला कळतं की माणूस कामातला आहे.

आणि पूर्ण स्क्रिप्ट फुकटात वाचून देऊ नका, दोनच वाक्यं द्या. एकदा मी भाबडेपणाने सगळा मजकूर नमुना म्हणून पाठवला. पुढच्या आठवड्यात भाजी घेताना रिक्षावरच्या भोंग्यातून माझाच आवाज ऐकू आला. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच, पण कुणी विचारलंही नाही याचं दुःख जास्त झालं.

बोलीबद्दल एक सांगते. मालेगाव, सटाणा, कळवण भागातला क्लायंट अहिराणी टच मागतो. अहिराणी तुमच्या घरात बोलली जात असेल तर अभिमानाने सांगा, ती तुमची ताकद आहे. येत नसेल तर नक्कल करू नका. तिकडच्या माणसाला पहिल्या शब्दाला कळतं, आणि आपल्या भाषेची थट्टा केली असं त्याला वाटतं.

पायरी ५: "बघू" म्हणजे काय ते ओळखा

नमुना पाठवल्यावर पाच ते सात दिवस थांबा. निळ्या खुणा दिसल्या म्हणून लगेच "ऐकलंत का?" विचारू नका. मग एक फोन, आणि पहिलं वाक्य "आत्ता दोन मिनिटं बोलू शकता का?" त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी आणखी एक संपर्क. तेवढ्यावर थांबा आणि ते कार्ड हंगामाच्या तारखेला लावून ठेवा. दर वेळी हातात काहीतरी नवीन हवं. तेच वाक्य वेगळ्या सुरात, त्यांच्या धंद्याला जवळचं नुकतंच केलेलं काम, किंवा त्यांना उपयोगी पडेल अशा एडिटरचा नंबर.

आपल्याकडे तोंडावर "नाही" सहसा कुणी म्हणत नाही, म्हणून शब्द ओळखावे लागतात. "बघू" म्हणजे आज तरी नाही. "मी कळवतो" म्हणजे ठरवणारा दुसरा कुणीतरी आहे, तेव्हा नम्रपणे विचारा, "मी त्यांच्याशीच बोलू का?" "दिवाळीनंतर बघू" हा मात्र खरा वायदा असू शकतो. तुळशीचं लग्न लागलं की फोन करा आणि "तुम्ही दिवाळीनंतर म्हणाला होतात" एवढंच म्हणा. "रेट काय?" असं विचारलं तर काम जवळ आलेलं असतं.

सणांचं गणित पाठ असू द्या. पितृपक्षात नवीन काही ठरवत नाहीत असं धरून लोक गप्प बसतात. पण सराफ आणि गाड्यांचे शोरूम यांच्या दसऱ्याच्या जाहिराती त्याच पंधरवड्यात रेकॉर्ड होतात, म्हणून त्यांना गणपतीच्या आधीच भेटलेलं बरं. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी बिल्डर, जूनच्या आधी शाळा आणि क्लासेस. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ २०१५ नंतर आता २०२७ मध्ये आहे. त्या काळात यात्रेकरूंसाठी सूचना आणि माहितीच्या फिल्म मराठीबरोबर हिंदीतही लागतील. सरकारी काम एजन्सीमार्फत जातं, म्हणून तुमचा हिंदी नमुना एजन्सीकडे आधीच पोहोचलेला असू द्या.

मुंबईच्या डबिंग स्टुडिओंची रीत निराळी. तिथे कोऑर्डिनेटरला रोज फोन केला तर नाव वाईट होतं. महिन्यातून एक छोटा मेल पुरे, आणि त्यात तारीख हवी: "मी येत्या मंगळवारी मुंबईत आहे, दुपारी व्हॉइस टेस्ट देऊ शकते." सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघालं की दुपारी अंधेरीत पोहोचता येतं. तुम्ही नाशिकला राहता ही त्यांची अडचण होणार नाही, हे त्या एका ओळीत त्यांना दिसतं.

पायरी ६: रेट विचारला की

फोनवर आकडा फेकू नका. आधी विचारा: किती मिनिटं, कुठे वाजणार, किती काळ? प्रदर्शनातल्या टीव्हीपुरता आवाज आणि वर्षभर रेडिओवर वाजणारा आवाज यांचा दर एक नसतो. त्याच दिवशी लेखी कोटेशन पाठवा. त्यात वापराची मुदत लिहा, आपल्या चुकीचा रिटेक फुकट पण स्क्रिप्ट बदलली तर वेगळे पैसे हे लिहा, निम्मा ॲडव्हान्स लिहा. हल्ली मी एक ओळ कधीच सोडत नाही: या रेकॉर्डिंगवरून एआयने माझा आवाज तयार करायचा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती असेल तर सूक्ष्म उद्योग म्हणून कायद्याने पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, आणि बिलावर नोंदणी क्रमांक असला की आठवण करून देताना संकोच वाटत नाही.

पायरी ७: वही

ॲप हवं तर वापरा, मी साधी वही ठेवते. नाव, कुठे भेटलो, काय पाठवलं, ते काय म्हणाले, पुढची तारीख. दर सोमवारी सकाळी चहा घेताना शेवटचा रकाना वाचायचा आणि त्या आठवड्याचे फोन लावायचे. काम पूर्ण झालं तरी नाव खोडायचं नाही. तयार फिल्म मागून घ्या आणि डेमोत वापरायची परवानगी लेखी घ्या. फिल्म लोकांपुढे गेल्यावर एकदा विचारा, "गिऱ्हाइकांना आवाज कसा वाटला?"

काकांच्या मुलाने नमुना ऐकून चौथ्या दिवशी फोन केला आणि फिल्म वेळेत झाली. ते कार्ड अजून वहीत टाचलेलं आहे. त्याच्या मागे जुन्या तीन ओळींखाली आता चौथी आहे: "जुलैचा पहिला आठवडा. मुलाला फोन. यंदा नवीन औषध कोणतं ते विचारणे, नाव नीट उच्चारून घेणे."