'डिस्कस'ला 'अबाउट' नको, 'डिस्कशन'ला हवा

इंदुरात घरी मराठी, बाहेर हिंदी. त्यामुळे इंग्रजी वाक्य जुळवताना डोक्यात दोन भाषांचे प्रत्यय असतात आणि प्रिपोझिशनच्या, म्हणजे 'ऑफ', 'टू', 'फॉर' अशा जोडणाऱ्या शब्दांच्या, पुष्कळ चुका हिंदीच्या 'से'मधून शिरतात. 'उससे पूछो' म्हणून 'आस्क फ्रॉम हिम', 'कुत्तों से डर' म्हणून 'अफ्रेड फ्रॉम डॉग्ज', 'मुझसे सीनियर' म्हणून 'सीनियर दॅन मी'. बरोबर रूपं अशी: 'आस्क हिम', 'अफ्रेड ऑफ डॉग्ज', 'सीनियर टू मी'. मराठीत विचार केला तर पहिल्या दोन चुका टळतात, कारण आपण 'त्याला विचार' आणि 'कुत्र्यांची भीती' म्हणतो.

तरी मराठीच्या भरवशावर राहू नका. 'ची' म्हणजे 'ऑफ' असं धरलं की 'बसची वाट पाहणे' अडतं; तिथे 'वेट फॉर द बस' लागतं. 'शी' म्हणजे 'विथ' धरलं की 'मॅरीड विथ' होतं. हवं असतं 'मॅरीड टू'. 'वर' म्हणजे 'ऑन' हे 'डिपेंड ऑन'पुरतं जमतं. देवावरच्या विश्वासाला 'बिलीव्ह इन गॉड', आणि तिच्यावरच्या प्रेमाला तर काहीच नको: 'ही लव्ह्ज हर'. कुठलं प्रिपोझिशन यायचं हे आधीचा इंग्रजी शब्द ठरवतो, आपला प्रत्यय नाही. म्हणून शब्द पाठ करतानाच त्याची शेपटी धरून पाठ करायचा.

वहीत नुसतं 'एक्सप्लेन = समजावणे' लिहिण्याला अर्थ नाही. 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असं लिहा आणि खाली स्वतःचं एक वाक्य. साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश इथे बहुधा अर्थावरच थांबतो. विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. त्यात उदाहरणाच्या आधी ठळक अक्षरात 'एसटीएच' आणि 'एसबी' अशी संक्षिप्त रूपं असतात, म्हणजे समथिंग आणि समबडी. अर्थाआधी तो साचा वाचा.

आता परीक्षेत सगळ्यात जास्त गुण घालवणारी जागा. इंग्रजीत काही क्रियापदं कर्म थेट घेतात, मध्ये काही चालत नाही. त्याच क्रियापदाचं नाम झालं की त्याला थेट कर्म घेता येत नाही, जोडायला प्रिपोझिशन लागतं. आपण नामाचं प्रिपोझिशन उचलून क्रियापदाला चिकटवतो. 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द फीज' बरोबर, म्हणून 'वी डिस्कस्ड अबाउट द फीज' लिहून मोकळे होतो. ते चूक, 'वी डिस्कस्ड द फीज'. म्हणून ही क्रियापदं नेहमी जोडीनेच वहीत उतरवा. 'वी व्हिजिटेड राजवाडा', पण 'अवर व्हिजिट टू राजवाडा'. 'शी आन्सर्ड द क्वेश्चन', पण 'हर आन्सर टू द क्वेश्चन'. 'ही मॅरीड हर', पण 'हिज मॅरेज टू हर'. 'दे डिमांडेड अ रिफंड', पण 'अ डिमांड फॉर अ रिफंड'. 'एम्फसाइज' एकटं, 'एम्फसिस ऑन' जोडीने. 'रिझेम्बल' एकटं, 'रिझेम्ब्लन्स टू' जोडीने. 'द कॉलनी लॅक्स वॉटर', पण 'लॅक ऑफ वॉटर'. 'अफेक्ट' क्रियापद थेट, 'इफेक्ट' नामाला 'ऑन'.

रजेच्या अर्जात हीच चूक हमखास दिसते: 'आय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह'. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' हे नाम, तिथे 'फॉर' शोभतं. क्रियापद वापरायचं तर 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह'. हॉटेलातही तेच. 'वी ऑर्डर्ड फॉर पोहा' नको, 'वी ऑर्डर्ड पोहा'.

शंका आली तर वाक्य कर्मणी करून पाहा. 'द फीज वेअर डिस्कस्ड' पूर्ण वाटतं, शेवटी 'अबाउट' लोंबकळत नाही. म्हणजे क्रियापद थेट कर्म घेतं. उलट 'द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर' यातलं 'आफ्टर' काढलं तर अर्थच जातो. तिथे प्रिपोझिशन कायमचं.

काही क्रियापदं प्रिपोझिशन लावून दुसऱ्याच अर्थाने येतात, आणि चूक शोधण्याच्या प्रश्नांत ती मुद्दाम घालतात. 'एंटर द रूम' हे खोलीत शिरणं. 'एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट' हा करार करणं. 'अटेंड द क्लास' म्हणजे हजर राहणं; 'अटेंड टू अ कस्टमर' म्हणजे गिऱ्हाइकाकडे लक्ष देणं. ही दिसली की लगेच 'चूक' अशी खूण करू नका.

वाढ आणि घट यांच्या वाक्यांत एकाच शब्दाला दोन-दोन शेपट्या असतात. समजा इंदुरातल्या भंवरकुआं भागात एका खोलीचं भाडं 5000 वरून 5500 झालं. क्रियापदाने: 'द रेंट रोज फ्रॉम 5000 टू 5500' किंवा 'द रेंट रोज बाय 500'. नामाने: 'अ राइज इन द रेंट', आणि आकडा सांगायचा तर 'अ राइज ऑफ 500'. काय वाढलं त्याला 'इन', किती वाढलं त्याला 'ऑफ'. 'राइज टू 500' लिहिलं तर भाडं 500 वर आलं असा अर्थ होतो.

माणूस आणि वस्तू दोन्ही असतील तेव्हा क्रमही पाहा. 'टेल मी', 'शो मी', 'गिव्ह मी' चालतं. म्हणून 'एक्सप्लेन मी' आणि 'सजेस्ट मी' सर्रास ऐकू येतं, कोचिंगच्या फलकांवरसुद्धा. ते 'एक्सप्लेन इट टू मी' आणि 'सजेस्ट अ बुक टू मी' असं हवं. 'प्रोव्हाइड'ला दोन वाटा: 'प्रोव्हाइड अस विथ वॉटर' किंवा 'प्रोव्हाइड वॉटर टू अस'. 'ब्लेम'ही तसंच: 'ब्लेम हिम फॉर द डिले' किंवा 'ब्लेम द डिले ऑन हिम'. 'ॲग्री' तर माणसाला 'विथ', प्रस्तावाला 'टू' आणि दोघांनी मिळून ठरवलेल्या तारखेला 'ऑन' घेतं. 'अभिनंदन' आणि 'माफी' दोन्हीला मराठीत 'बद्दल' लागतं, इंग्रजीत मात्र 'काँग्रॅच्युलेट हर ऑन हर रिझल्ट' आणि 'अपॉलजाइज टू हर फॉर द डिले'.

प्रिपोझिशननंतर क्रियापद आलंच तर ते 'आयएनजी'चं. 'इन्सिस्ट ऑन पेइंग', 'गुड ॲट ड्रॉइंग', 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग'. अडचण 'टू'ची, कारण ते कधी प्रिपोझिशन असतं, कधी नुसतं क्रियापदाचं चिन्ह. त्याची परीक्षा सोपी आहे: 'टू'नंतर 'इट' ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' जमतं, म्हणून पत्राच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'. 'आय वाँट टू इट' जमत नाही, म्हणून 'आय वाँट टू हिअर'. 'आय ॲम यूज्ड टू इट' जमतं, म्हणून 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', म्हणजे लवकर उठायची सवय आहे. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी उठत असे. 'आय यूज्ड टू इट' जमत नाही, म्हणून तिथे साधं 'गेट'.

प्रश्नात आणि जोडवाक्यात प्रिपोझिशन शेवटी जातं आणि तिथेच गळतं. 'व्हॉट आर यू लुकिंग?', 'धिस इज द रूम आय लिव्ह.' दोन्ही लंगडी. आधी साधं विधान करा: 'आय लिव्ह इन द रूम'. त्यातलं 'इन' जोडवाक्यातही टिकलं पाहिजे: 'द रूम आय लिव्ह इन'. तसंच 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?'

एका ठिकाणी मात्र प्रिपोझिशन स्वतःहून जागा सोडतं: 'दॅट'च्या आधी. 'अफ्रेड ऑफ फेल्युअर', पण 'अफ्रेड दॅट ही विल फेल'. 'इन्सिस्ट ऑन कॅश', पण 'इन्सिस्ट दॅट वी पे कॅश'. 'व्हेदर', 'हाउ', 'व्हॉट' यांच्या आधी ते टिकू शकतं: 'इट डिपेंड्स ऑन व्हेदर द ट्रेन इज लेट'. 'दॅट' ठेवायचं आणि प्रिपोझिशनही सोडायचं नसेल तर मध्ये 'द फॅक्ट' घाला: 'ही पॉइंटेड टू द फॅक्ट दॅट द बिल वॉज अनपेड'.