वल्हांडणाचे आठ दिवस: पोटभर आणि चवीने जेवायचं कसं

मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय, तो ज्यूंचा पेसाह बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो. इस्रायलमध्ये सात दिवस, इतरत्र आठ. कोकणातले बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) याला ‘अनशी धाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण, असा त्याचा अर्थ सांगतात. इजिप्तच्या गुलामीतून निघताना कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, ती आठवण म्हणून या दिवसांत खमीर वर्ज्य.

नव्याने हा सण पाळणारे आधी ‘काय चालत नाही’ याची यादी करतात आणि मग आठवडाभर कोरडा मत्सा (बिनखमिराची चपटी रोटी) चावत बसतात. मत्सा खाण्याचं बंधन फक्त पहिल्या रात्रीचं आहे, इस्रायलबाहेर पहिल्या दोन रात्रींचं. बाकीच्या जेवणांत तो नसला तरी काही अडत नाही. मासे, अंडी, नारळ, खजूर, भाज्या, फळं सगळं मोकळं आहे. तेव्हा ताट त्यातून मांडा.

पंधरा दिवस आधी: डबे रिकामे करा

गहू, जव, ओट, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) आणि स्पेल्ट (गव्हाचाच एक प्रकार) या पाच धान्यांचं पीठ पाणी लागलं की खमीर धरतं, म्हणून ती आणि मत्सा सोडून त्यांचे पदार्थ घरात नकोत. कणीक, रवा, शेवया, पाव आधीच संपवायला घ्या. गव्हाच्या चिकाचा हलवा कितीही आवडता असला तरी या आठवड्यात नाही.

फसगत होते ती लपलेल्या गव्हाने. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट व्हिनेगर जवाचं. आणि गिरणी! जिथे दिवसभर गहू दळला जातो, तिथून आणलेलं तांदळाचं पीठ किंवा मसाला सणाला वापरू नका. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच मिक्सरवर काढा. मसालेही अख्खे आणून, भाजून, घरी कुटा. काम वाढतं, पण ताज्या मसाल्याने आठ दिवसांची सगळी कालवणं सुधारतात.

पाहुण्यांना आधी विचारा

तांदूळ, डाळी, शेंगदाणे, मोहरी या गोष्टी बेने इस्रायल आणि अनेक सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) घरांत चालतात. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत त्या टाळतात. काही हसिदी (एका कडक धार्मिक पंथाच्या) घरांत मत्सा पाण्यात भिजवतही नाहीत. आमंत्रण देतानाच विचारलं की ताटावर कुणाला संकोच होत नाही. बटाटा, रताळं, नारळ, अंडी, मासे यांवर बेतलेलं जेवण सगळ्यांना जमतं.

तांदूळ खाणार असाल तर सणाआधी तो तीनदा निवडायची रीत आहे, गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. ताट खिडकीपाशी घेऊन दोघा-तिघांनी बसावं. एकट्याने तीन वेळा निवडायचा कंटाळा येतो आणि मग नजर चुकते.

खजुराचा पाक

सेदेर म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीचं विधीचं जेवण. त्याच्या ताटातला हारोसेत (गोड मिश्रण) आपल्याकडे खजुराचा. अर्धा किलो बिया काढलेला खजूर एक लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात अर्धा तास उकळा, कुस्करा, गार झाल्यावर मलमलच्या कापडातून पिळून घ्या. इथे घाई करू नका, शेवटच्या पिळण्यातच दाट रस येतो. हा रस मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. साखर घालायची नाही. वाढताना वरून अक्रोड किंवा बदामाचं भरड घाला. चोथा फेकू नका. त्यात खोबरं आणि बदाम मिसळून लाडू वळा, मुलं दिवसभर खातात.

काळ्या मनुकांचं सरबतही असंच: पाव किलो मनुका, लिटरभर पाणी, उकळून, कुस्करून, गाळून. बेने इस्रायल घरांत किद्दूशला (पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला) वाइनच्या जागी हेच असतं, आणि सेदेरच्या चार पेल्यांसाठी लहान मुलांना यासारखं दुसरं काही नाही.

सेदेरची रात्र

हग्गादाचं (इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या पोथीचं) वाचन मोठं असतं आणि जेवण त्यानंतर. आपल्या भाषेत वाचन करणाऱ्यांकडे मराठी हग्गादाची जुनी परंपरा आहे. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादात तर मत्सा करणाऱ्या बायकांची चित्रंही आहेत. मुलं मात्र तासाभरात भुकेने चुळबुळतात. उपाय सोपा: सुरुवातीला कार्पास म्हणून भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खातात, तेव्हा उकडलेल्या बटाट्याच्या फोडी भरपूर ठेवा.

मुख्य जेवण वाट पाहू शकेल असं हवं. तळलेला मासा थांबला की मऊ पडतो. नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण मुरतं. हिरवं वाटण परतून त्यात आधी पातळ रस घाला, उकळी आली की मासा आणि आमसुलं, आणि जाड रस अगदी शेवटी. त्यानंतर खळखळून उकळू देऊ नका, फुटतो. मटण असेल तरी नारळाचा रसच, कारण मांसासोबत दूध-दही चालत नाही. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा; कोलंबी, तिसऱ्या नकोत.

मधले दिवस

न्याहारीला मत्साची भुर्जी करा. तीन मत्सा मोडून अर्धा मिनिट कोमट पाण्यात बुडवा आणि लगेच पिळा. जास्त वेळ राहिला तर लगदा होतो. कांदा तांबूस करून हिरवी मिरची, हळद, मग मत्सा, त्यावर फेटलेली तीन अंडी. कोथिंबीर हवीच.

उपासाचं स्वयंपाकघर ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सोपं. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा असतो. शेंगदाणे नको असतील तर खिचडीत ओलं खोबरं घाला. रताळ्याचे काप, बटाट्याची भाजी, दुधी, भोपळा. मासा तळताना रव्याऐवजी मत्साचा चुरा लावा, कुरकुरीतपणा रव्यापेक्षा मला जास्त आवडतो. ऋतू कैरीचा आहे, तेव्हा पन्हं आणि कैरीची चटणी रोज.

मत्सा खाणाऱ्यांना पोट जड होण्याचा त्रास ठरलेला. दिवसभर पाणी, जेवणात काकडी, कलिंगड, पपई, आणि रात्री भिजवलेल्या चार-पाच मनुका. हे पहिल्या दिवसापासून सुरू करा. पाचव्या दिवशी सुचलं तर उशीर होतो.

आठव्या दिवशी सूर्य मावळून अंधार पडला की कणकेचा डबा पुन्हा भरता येतो. त्या रात्रीची पहिली गरम चपाती आमच्याकडे उरलेल्या खजुराच्या पाकाशी खातात, म्हणून पाक थोडा जास्तच करा.