पेनड्राइव्हवरचं जिंप नेमकं कोणतं? हॅश बघा, कळेल

दादरला माझ्या मित्राचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. तिथे एकच पेनड्राइव्ह सगळ्या कॉम्प्युटरवर फिरतो: डार्कटेबल, रॉथेरपी, आणि ‘जिंप नवीन फायनल’ नावाची एक फाइल (तिन्ही फोटो एडिटिंगची मोफत सॉफ्टवेअरं). कुणी टाकली, कुठून आणली, पत्ता नाही. अशा वेळी नावावर जाऊ नका. नाव कुणीही बदलतं. हॅश म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, अक्षर-अंकांची एक ओळ; तो निघतो फाइलच्या आतल्या मजकुरावरून. आत एक बिट जरी हलला तरी तो पार बदलतो.

१. विंडोजवर सेव्हन-झिप (फाइली झिप करायचं सॉफ्टवेअर) असेल तर काम सोपं. फाइलवर राइट क्लिक करा (विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’), ‘सीआरसी एसएचए’मधून ‘एसएचए-२५६’ ही हॅश काढायची पद्धत निवडा. ६४ अक्षरांची ओळ येईल. ३२ अक्षरं असतील तर तो एमडी५, ४० असतील तर एसएचए-१. या दोन्ही जुन्या पद्धतींत वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येऊ शकतो, हे २००४ आणि २०१७ मध्ये सिद्ध झालंय. म्हणून २५६च घ्या.

२. जिंपच्या अधिकृत डाउनलोड फोल्डरमध्ये हॅशची एक टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी हॅश, मग फाइलचं मूळ नाव. ती उघडून कंट्रोल-एफ दाबा आणि आपला हॅश पेस्ट करा. पहिली-शेवटची चार अक्षरं डोळ्यांनी जुळवून थांबू नका. आमची ‘नवीन’ फाइल २.१० मालिकेतली निघाली, ३.० तर मार्च २०२५ मध्येच आलं होतं. डार्कटेबलचे हॅश गिटहब या साइटवर, त्या त्या आवृत्तीच्या नोंदीत मिळतात.

पेनड्राइव्हवरच कुणी हॅश लिहून ठेवला असेल तर तो धरू नका. फाइल बदलणारा तोही बदलेल.

३. जुळला नाही तर लगेच घाबरू नका. लोकलमध्ये हॉटस्पॉटवर उतरवलेली फाइल अर्धवट राहू शकते. आकार तपासा, अधिकृत साइटवरून पुन्हा उतरवा, जुनी काढून टाका.

पॅकेजचा, म्हणजे उतरवलेल्या अख्ख्या फाइलचा, हॅश आतल्या सुट्या फाइलींना लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर आतल्या फाइली तपासायला ‘डेबसम्स’ हे टूल आहे.

मित्राने आता तपासलेल्या फाइलींची नावं, आवृत्त्या आणि हॅश यांची प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली सरकवली आहे.