हिंदीभाषक पाहुण्यांना वाढताना

व्याही लखनौचे, शेजारी भोपाळचे किंवा सून दिल्लीची असेल तर हिंदी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतेच. बहुतेक मराठी माणसांना हिंदी येते, पण ती रिक्षात, बाजारात आणि ऑफिसात कमावलेली असते. 'तेरे को क्या मंगता' हे भाजीवाल्याशी खपून जातं. पानावर बसलेल्या विहीणबाईंना तेच ऐकवलं तर त्या हसून घेतील, पण दुसऱ्यांदा काही मागायला बिचकतील.

जेवण वाढायला लागणारी हिंदी फार नाही. लेना, देना आणि लगाना ही तीन क्रियापदं नीट बसली की सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा बहुतेक कारभार निभावतो. चुका होतात त्या दोन्ही भाषा जवळच्या असल्यामुळे. मराठी शब्द थोडा वाकवला की हिंदी झाली, असं वाटतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक 'तुम्ही'ची. आपलं आदराचं 'तुम्ही' हिंदीत 'तुम' होत नाही, 'आप' होतं. 'तुम' हे बरोबरीच्यांना, लहानांना, जवळच्या मित्राला. 'तुम खाओ' हे व्याह्यांना म्हणणं म्हणजे त्यांना अरे-तुरेच्या जवळ नेणं. 'आप'बरोबर क्रियापदही बदलतं: खाइए, बैठिए, आइए, चखिए, बताइए. चार क्रियापदं नियम मोडतात आणि वाढताना नेमकी तीच सतत लागतात: लेना-लीजिए, देना-दीजिए, पीना-पीजिए, करना-कीजिए. 'लेइए' किंवा 'पिइए' असं रूप नाही. 'आप लो, आप बैठो' हे दिल्लीकडे सर्रास ऐकू येतं आणि समवयस्कांत चालूनही जातं, पण वडीलधाऱ्यांशी बोलताना टाळलेलं बरं.

दुसरी गोष्ट बायकांसाठी. मराठीत बाई 'मी देते, मी आणते' म्हणते. ते तसंच उचलून 'मैं देते, मैं लाते' झालं की गडबड, कारण हिंदीत 'देते' हे पुरुषी अनेकवचन आहे. म्हणायचं 'मैं देती हूँ, मैं लाती हूँ'. पुरुषाने 'देता हूँ'. समोरच्याचं लिंगही सांभाळावं लागतं. मराठीत 'चहा घ्याल?' सगळ्यांना चालतं. हिंदीत पुरुषाला 'चाय लेंगे?' आणि बाईला 'चाय लेंगी?' घोळक्यात दोघंही असतील तर 'लेंगे' पुरे.

आता जेवणाच्या क्रमाने जाऊ. पाहुणे आल्यावर पाणी: 'पानी लीजिए.' मग 'चाय लेंगे या कुछ ठंडा?' चहा टाकायचा असेल तर 'चाय बना दूँ?' किंवा 'चाय चढ़ा दूँ?' साखरेचं आधीच विचारा: 'चीनी कितनी लेंगे?' बिनसाखरेच्या चहाला 'फीकी चाय' म्हणतात. 'मुझे शुगर है' असं कुणी म्हणालं तर तो मधुमेह, तिथे आग्रह थांबवायचा.

जेवणाची वेळ झाली की 'खाना लगा दूँ?' हे वाक्य घट्ट पाठ करा. 'वाढणे'चं 'बढ़ाना' करू नका. बढ़ाना म्हणजे वाढवणे किंवा पुढे करणे. ताटात वाढण्याला 'परोसना' हा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात 'दूँ?' एवढ्यानेच काम होतं: 'दाल दूँ?', 'चावल दूँ?', 'और दूँ?' आपलं 'देऊ का?' इथे 'दूँ?' होतं, 'देऊँ क्या?' नाही. त्याच साच्यात लाऊँ, रखूँ, निकालूँ, गरम कर दूँ ही रूपं बसतात. पानं घेतली की आत जाऊन सांगायचं, 'खाना लग गया है, आइए.' हात धुवायचे असतील तर 'हाथ उधर धो लीजिए.' आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, त्या जागी 'आराम से खाइए' बसतं.

ताट-वाटीची नावंही बदलतात. ताट म्हणजे थाली, वाटी म्हणजे कटोरी, पेला म्हणजे गिलास, पातेलं म्हणजे पतीला किंवा भगोना. कोशिंबीर दह्याची असेल तर रायता म्हणा. काकडीला 'खीरा' म्हणतात. तिकडे 'ककड़ी' म्हणजे लांब, सडपातळ, वेगळी काकडी. शेंगदाणे म्हणजे मूँगफली, कोथिंबीर म्हणजे हरा धनिया. मिठाचा घोळ मात्र नेहमीचा. 'मीठ कम है क्या?' विचारलं की पाहुण्याला 'मीठा' म्हणजे गोड ऐकू येतं आणि तो आमटीत गूळ कमी पडला का याचा विचार करत बसतो. म्हणायचं 'नमक ठीक है?' तसंच 'पुरे?' असं विचारू नका. हिंदीत 'पूरे' म्हणजे सगळे, अख्खे. त्या जागी 'बस?' किंवा 'इतना काफ़ी है?'

पदार्थांचं लिंग हा भाग कंटाळवाणा, पण 'थोडं' आणि 'कसं' हे दोन्ही त्यावर हलतात. मराठीतली बरीच नपुंसकलिंगी नावं हिंदीत पुल्लिंगी होतात: पानी, दूध, घी, नमक, अचार. म्हणून 'थोड़ा घी', 'थोड़ा अचार', 'अचार कैसा लगा?' भाजी, डाळ, चटणी, खीर दोन्हीकडे स्त्रीलिंगी, तिथे अडचण नाही: 'थोड़ी सब्ज़ी', 'खीर कैसी लगी?' फसवतात ते अपवाद. चहा आपल्याकडे 'तो', हिंदीत 'ती': 'चाय ठंडी हो गई', ठंडा नव्हे. ताक 'ते', पण छाछ 'ती'. भात एकवचनी, चावल बहुधा अनेकवचनी: 'थोड़े चावल', 'चावल कैसे लगे?' पोहे उलटे, आपले अनेकवचनी आणि हिंदीतला पोहा एकवचनी. दही प्रमाण हिंदीत पुल्लिंगी आहे, पण 'दही खट्टी है' म्हणणारे भेटतील. त्यांना सुधारायला जाऊ नका.

सराव स्वतःच्या घरीच होतो. रोज पान वाढताना प्रत्येक पदार्थाबरोबर एकदा 'थोड़ा, थोड़ी, थोड़े'पैकी योग्य ते मोठ्याने म्हणा. आठवड्याच्या मेन्यूत दहा-बारा पदार्थांपलीकडे काही नसतं, त्यामुळे यादी लवकर संपते.

उच्चारात तीन ठिकाणं पाहण्यासारखी. 'और' आणि 'है' हे आपण 'अउर' आणि 'हइ' असे म्हणतो. हिंदीत हे स्वर सलग आणि उघडे: 'और' चा स्वर 'ऑफिस'मधल्या 'ऑ'च्या जवळ, 'है' चा 'बॅट'मधल्या 'अॅ'च्या जवळ. 'बैठिए' तसंच. आग्रहात 'और' सारखा येतो, म्हणून तो एक सुधारला तरी बोलणं लगेच निराळं वाटतं. दुसरं, 'दूँ, हूँ, नहीं, में' यातला नाकातला सूर गिळू नका. तिसरं, डाळीला 'डाल' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'ओत' असं वाटतं. 'दाल' म्हणताना जीभ दातांना लावा. चम्मच, चावल यातला च मात्र 'चहा'तला घ्या, 'चमचा'तला नको.

आग्रह हा खरा गाभा. हिंदी घरांतही पहिलं 'नहीं-नहीं' बऱ्याचदा रिवाजाचं असतं, म्हणून एकदा विचारून पातेलं आत नेऊ नका. साधारण असं चढत जातं: 'और लीजिए ना.' मग 'आपने तो कुछ लिया ही नहीं!' मग सौदा: 'अच्छा, आधी रोटी ले लीजिए.' पदार्थ नवा असेल तर 'ज़रा चखकर देखिए.' पाहुणा संकोचत असेल तर 'संकोच मत कीजिए, अपना ही घर है.' 'आपने' असं सुरू केलं की क्रियापद पदार्थाच्या मागे जातं: 'आपने चाय नहीं पी', 'आपने रायता नहीं लिया.' 'तुम्ही पोळी घेतली नाहीत' मध्येही तेच चालतं, त्यामुळे हे जड जात नाही.

थांबायचं कधी? 'बस, बस, थोड़ा-सा' म्हणत ताट पुढे आलं तर वाढा. ताटावर आडवा हात आला, किंवा 'पेट भर गया', 'अब बिल्कुल नहीं', 'मेरा हो गया' ऐकू आलं तर डाव खाली ठेवा. तिसऱ्या नकारानंतर टाकलेली पोळी ताटात उरते आणि दोघांनाही अवघड वाटतं. मग एकच वाक्य: 'अच्छा, थोड़ा मीठा तो लेंगे?'

हाक मारताना नात्यांचे शब्द जपून. मराठी 'ताई' म्हणजे मोठी बहीण, हिंदी 'ताई' म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तरुण मुलीला 'दीदी' म्हणा. 'दादा' हिंदी पट्ट्यात आजोबा, तरुणाला 'भैया'. वहिनीला भाभी, काकूला चाची, व्याह्यांना समधीजी, विहीणबाईंना समधनजी.

आपले पदार्थ एका ओळीत सांगता यावेत, नाहीतर पाहुणा अंदाजाने खातो. पुरणपोळी: 'चने की दाल और गुड़ भरी मीठी रोटी, घी डालकर खाइए.' थालीपीठ: 'कई अनाजों के आटे की मसालेदार रोटी.' मटकीची उसळ: 'अंकुरित मोठ की सब्ज़ी.' तिखट असेल तर आधीच सांगा: 'ये थोड़ा तीखा है.' लहान मूल असेल तर 'बच्चे के लिए बिना मिर्च का अलग निकाला है.'

बेत ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारून टाका: 'आप प्याज-लहसुन खाते हैं?' आणि 'आज किसी का व्रत तो नहीं?' उपास असेल तर मिठाचंही विचारा, कारण उत्तरेकडे व्रताला बहुधा सेंधा नमक, म्हणजे सैंधव, लागतं आणि आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत अनेक घरी रोजचंच मीठ पडतं: 'व्रत में सेंधा नमक ही लेते हैं?' भगरीला 'समा के चावल' म्हणा, रताळ्याला 'शकरकंद'.

निघताना काही बांधून द्यायचं असेल तर 'थोड़ा डिब्बे में रख दिया है, रास्ते में खा लीजिएगा.' ते 'लीजिएगा' 'लीजिए'पेक्षा मऊ, पुढच्या वेळेसाठीचं. तसंच 'फिर आइएगा.' डब्याचा संकोच होऊ नये म्हणून 'डिब्बा लौटाने की कोई जल्दी नहीं.'