तबेल्यात पाणी वाहताय? या चुका टाळा

नागपुरात काटोल रोडला आमचा लहानसा तबेला आहे. वरातीच्या तीन घोड्या आणि एक म्हातारा घोडा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की एकेकाला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं, वरातीत नाचून आलेल्या घोडीला त्याहून जास्त. चौघांचे झाले २०० लिटर, म्हणजे २०० किलो वजन. नळ ६० पावलांवर. १५ लिटरच्या बादलीने रोज १४ खेपा. कंबर गेली की माणूस जुगाड शोधतो, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक काठोकाठ भरलेल्या एका बादलीची. एक बाजू वाकते, चार लिटर पायजम्यावर. त्यापेक्षा दोन्ही हातांत पाऊण-पाऊण बादली घ्या. आजी विहिरीवरून पाण्याचा गुंड (हंडा) आणताना त्यात कडुलिंबाची डहाळी टाकायची, पाणी हिंदकळत नसे. बादलीतही हे चालतं. फक्त घोडीपुढे ठेवण्याआधी डहाळी काढा, नाहीतर ती पाणी सोडून पाला चघळत बसेल.

दुसरी चूक मी स्वतः केली. २०० लिटरचा ड्रम ठेल्यावर चढवला, एका खेपेत काम फत्ते म्हणून. पहिल्या पावसानंतरची काळी माती. चाक रुतलं, ड्रम कलंडला, आणि पाण्याऐवजी आम्ही दोघं चिखल उपसत बसलो. आता ५० लिटरच्या दोनच कॅन एका वेळी, आणि नळापासून तबेल्यापर्यंत मुरूम टाकून घेतला आहे. ड्रम घेताना आत आधी काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचा किंवा केमिकलचा असेल तर फुकटातही नको.

पाइप टाकला तर खेपा संपतात, हे खरं. पण अर्ध्या इंचाच्या १०० फूट पाइपमध्ये जवळजवळ ४ लिटर पाणी अडकून राहतं, आणि मे महिन्यात दुपारी ते चहाला चालेल इतकं तापतं. आमचा सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, तक्रार करायचा, "घोडी पाणी पेतच नाही जी, नखरे करते." हात घालून पाहिला तर चटका! पाइप सावलीतून न्या, पहिलं पाणी वेगळ्या बादलीत काढून निवू द्या. ड्रमवर ओलं बारदान गुंडाळलं की पाणी बरंच थंड राहतं.

आता नागपुरी जुगाड, कूलरचा पंप. ड्रममधून बादलीत पाणी काढायला छान आहे. उंचावरच्या टाकीत चढवायला त्याच्यात जोर नसतो. पण घोड्यापुढच्या हौदात तो चालू ठेवू नका, कधीच. जुन्या वायरीतून थोडा करंट उतरला तरी पायात लोखंडी नाल, खाली ओली फरशी, झटका त्याला बसतो. तुम्हाला कदाचित कळणारही नाही. ओठ लावून लगेच मागे सरणारी घोडी दिसली तर आधी प्लग काढा, मग तिला दोष द्या.

हौदात जुन्या पाण्यावर नवीन ओतत राहणं ही आळसाची चूक. तळाशी शेवाळ धरतं, वर डासांच्या अळ्या. आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा, कोरडा होऊ द्या.

फ्लोटवाला हौद सगळ्यात सोयीचा, आणि माझा राग त्याच्यावरच आहे. तो आपोआप भरतो, त्यामुळे कोण किती प्यायलं ते कळतच नाही. बादली असली की कळतं. आमच्याकडे प्रत्येक ठाणाच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढतात, एक बादली, एक रेघ. थंडीतही हे सोडू नका. जानेवारीच्या सकाळी गार पाणी घोडे कमी पितात, चारा तर सुकाच असतो, आणि पोटशूळ त्यातून होतो. तेव्हा पाणी थोडं कोमट करून द्या.

मागच्या वर्षी संध्याकाळपर्यंत एका घोडीच्या दोन रेघा कमी होत्या. लीद कोरडी, हिरड्या चिकट. वाट न पाहता सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात फोन केला. "किती पाणी प्यायली?" डॉक्टरांनी आधी तेच विचारलं. सईसाने भिंतीवरच्या रेघा मोजून सांगितल्या.