गाडीत काही बसवलंय? मग पॉलिसीतही चढवा

विमा कंपनीला तुमची गाडी दिसते ती फक्त कागदावर. पॉलिसीवर जे मॉडेल, जे व्हेरियंट, जे इंधन छापलंय, तेवढीच गाडी तिने विम्यात घेतलेली असते. आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे आरसीवरच्या नोंदी. आणि खरी गाडी उभी असते तुमच्या पार्किंगमध्ये, नवे ॲलॉय, वूफर आणि डिकीत सीएनजीची टाकी घेऊन. या तीन गाड्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की क्लेम अडतो. पुढची सगळी खटपट ही तिन्ही जुळवून ठेवण्याची आहे.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर काय बघायचं

पॉलिसी उघडा आणि आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा, तक्ता शोधा. त्यात एका ओळीत रकाने असतात: वाहन, नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, सीएनजी/एलपीजी किट आणि शेवटी एकूण. गाडीत काही जास्तीचं बसवलेलं असूनही मधल्या तिन्ही रकान्यांत शून्य असेल, तर त्या वस्तूंचा विमाच उतरवलेला नाही.

इथे हमखास होणारा गैरसमज म्हणजे 'शोरूममधूनच बसवलंय, म्हणजे कव्हर आहे'. तसं नसतं. आयडीव्ही निघते कंपनीने जाहीर केलेल्या त्या व्हेरियंटच्या किमतीवरून, आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनला ३०, चारला ४०, पाचला ५० टक्के. डीलरने डिलिव्हरीच्या वेळी वेगळं बिल करून लावलेले सीट कव्हर, ॲलॉय, टचस्क्रीन या किमतीत धरलेले नसतात. बेस व्हेरियंट घेऊन त्यावर टॉप व्हेरियंटचा साज चढवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. गाडी टॉपसारखी दिसली तरी क्लेम बेसचाच बसतो.

हप्ता किती वाढतो

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे दर १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ असे आहेत. ॲलॉय लावा नाहीतर स्पॉयलर, यात फरक पडत नाही. सीएनजी किट असेल तेवढे ६० रुपये वाढतात. खरा फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात.

जुन्या मोटर टॅरिफमधली, म्हणजे विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकातली, आकारणीची पद्धत आजही पॉलिसीत दिसते. इलेक्ट्रिकल वस्तूंवर, म्हणजे स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, जादा दिवे यांवर, किमतीच्या ४ टक्के (टॅरिफमधलं कलम आयएमटी २४). बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवरही ४ टक्के (आयएमटी २५). नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत थेट गाडीच्या किमतीत मिळवून गाडीचाच दर लागतो. मुंबई-पुणे टॅरिफच्या 'ए' झोनमध्ये येतात. तिथे पाच वर्षांच्या आतल्या, १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीचा मूळ दर ३.२८३ टक्के. म्हणजे ४०,००० रुपयांच्या ॲलॉयवर साधारण १,३१३ रुपये. ओन डॅमेजचे दर कंपन्यांना मोकळे आहेत, त्यामुळे यावर सूट मिळते आणि प्रत्यक्ष आकडा बराच खाली येतो. २५,००० च्या म्युझिक सिस्टीमला हजार रुपये. एवढ्यासाठी माहिती दडवण्यात काही हशील नाही.

हप्ता कमी करणारे बदलही आहेत. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवून ऑटोमोबाईल असोसिएशनचा दाखला घेतला, तर ओन डॅमेजवर २.५ टक्के सूट मिळते, पण कमाल ५०० रुपये. यंत्राची किंमत त्यातून काही वसूल होत नाही. पण ते बसवणारच असाल तर दाखला मागून घ्या. त्याहून मोठी सूट आहे दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदलून घेतलेल्या गाडीला. हाताने चालणारा ब्रेक-ॲक्सिलरेटर लावून आरसीवर तशी नोंद केलेली असेल, तर टॅरिफप्रमाणे ओन डॅमेजवर ५० टक्के. मागितल्याशिवाय ही सूट कोणी आपणहून देईल या भरवशावर राहू नका.

सीएनजी किट: कोणत्या क्रमाने काय करायचं

सर्वांत जास्त कागदपत्रं याच कामाला लागतात, आणि नुसतं गॅरेजवाल्याच्या भरवशावर राहिलं की इथेच घोळ होतो.

किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं हवं आणि बसवणारं केंद्र आरटीओचं अधिकृत. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या. किट बसलं की तीन कागद हातात पडले पाहिजेत: किटचं आणि मजुरीचं जीएसटी बिल, केंद्राचा फिटमेंट दाखला आणि सिलिंडरचं प्रमाणपत्र. त्यावरचा सिलिंडर नंबर प्रत्यक्ष सिलिंडरवर कोरलेल्या नंबराशी तिथेच, डिकी उघडून, ताडून बघा. एक आकडा चुकला तरी आरटीओत फेरी वाढते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील बदलाचा अर्ज करा, फी भरा, गाडी तपासणीला न्या. आरसीवर 'पेट्रोल' जाऊन 'पेट्रोल/सीएनजी' आलं की नोंद चढली.

विमा कंपनीला मात्र त्या नोंदीची वाट न बघता, किट बसलं त्याच दिवशी ईमेल करा: पॉलिसी नंबर, गाडी नंबर, किटची किंमत, बिल जोडून. बऱ्याच कंपन्या एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची अधिकृत नोंद, आरसीवर नोंद झाल्यावरच देतात. पण मधल्या दिवसांत काही झालं तर तुम्ही कळवलं होतं याचा पुरावा हाती राहतो. एजंटला व्हॉट्सॲप केलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही.

आकडा असा बसतो: किट ६०,००० चं, तर ४ टक्के म्हणजे २,४०० आणि थर्ड पार्टीचे ६०, मिळून वर्षाचे २,४६०. पॉलिसीचे २०० दिवस उरले असतील तर त्या प्रमाणात सुमारे १,३४८ आणि १८ टक्के जीएसटी धरून १,५९० च्या आसपास. पैसे भरल्यावर एंडोर्समेंटचा वेगळा कागद येतो. तो उघडून किटच्या रकान्यात ६०,००० आलेत का ते बघा. नुसती भरल्याची पावती म्हणजे एंडोर्समेंट नव्हे.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी असते. आग लागली तर ती तारीख तपासली जाते.

कुठल्या बदलाला काय करायचं

ॲलॉय आणि टायर: आरसीवर खासगी गाडीच्या टायरचा साइज नसतो, म्हणून आरटीओचा प्रश्न सहसा येत नाही. पण चाकाचा एकूण व्यास मूळ चाकाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा. मूळ १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी; १९५/५५ आर१६ चा ६२०.९, म्हणजे जवळजवळ तोच. तेच २०५/६५ आर१५ लावलं की ६४७.५, चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि टायर वळताना फेंडरला घासतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. आणखी एक: नुसता टायर फाटला तर साध्या पॉलिसीत काहीच मिळत नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तेव्हा टायरच्या किमतीच्या निम्मे.

दिवे आणि म्युझिक: अडचण वस्तूची नसते, वायरिंगची असते. एच४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. दोन बल्बना १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात आणि कंपनीची वायर त्या हिशेबाने दिलेली असते. १००/९० वॉटचे बल्ब लावले की तीच वायर जवळपास १७ अँपिअर ओढते. होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो. रिले आणि जाड वायरचा वेगळा हार्नेस टाकल्याशिवाय असे बल्ब लावूच नयेत. ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घेतली तर फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असेल तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहते.

आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेअर नेमकं हेच बघतो. जळालेल्या हार्नेसवर काळी टेप गुंडाळलेला, तार सोलून पिळलेला जोड सापडला की अहवालात 'बाहेरून केलेलं वायरिंग' असं येतं. इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत मुळातच वगळलेला असतो, त्यामुळे कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. जोड कपलरचा हवा, आणि काम करणाऱ्याचं बिल हवं.

रंग आणि रॅप: आरसीवर रंग लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीवर पूर्ण मॅट काळा रॅप म्हणजे आरसीतली गाडी वेगळी. रंगबदलाची परवानगी आधी आरटीओकडून घ्या. पीपीएफ या रंग जपणाऱ्या पारदर्शक फिल्मला परवानगीचा प्रश्न नाही, पण तिची किंमत नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये चढवता येते का ते कंपनीला लेखी विचारा. नाहीतर दार रंगवून मिळेल, त्यावरची फिल्म मिळणार नाही.

एअर इनटेक: फिल्टर बंपरच्या मागे खाली आणणारे किट आपल्या पावसाळ्यात घातकच. अंडरपासच्या पाण्यात इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान अडकतं, आणि इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं असलं तरी बदललेला इनटेक दिसला की वाद होतो.

बुल बार: केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये यांवर कारवाईचे आदेश दिले. धडकेचा जोर थेट चासीवर जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. चढवायचा प्रश्न नाही, काढून टाका.

छत कापून सनरूफ, चासी कापणं, परवानगीशिवाय इंजिन बदलणं: आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बेकायदा बदल विमा कंपनीला कळवल्याने कायदेशीर होत नाही. ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलणं, हेही उत्सर्जनाच्या मान्यतेत बसत नाही, आणि अपघातानंतर वर्कशॉपच्या स्कॅनरवर उघडा पडू शकतो.

नूतनीकरणाच्या वेळी

सगळं व्यवस्थित चढवलेलं असूनही पुढच्या वर्षी ते गळून पडतं. ऑनलाइन पोर्टलवर गाडी नंबर टाकला की कोटेशन येतं ते कारखान्यातून आलेल्या गाडीचं. 'एक्स्टर्नल सीएनजी किट' आणि 'ॲक्सेसरीज' हे रकाने आपण उघडून भरायचे असतात. हप्ता गेल्या वर्षीपेक्षा अचानक स्वस्त दिसला तर आनंद मानायच्या आधी ते रकाने बघा. कंपनी बदलताना तर नक्कीच, कारण जुनी एंडोर्समेंट नव्या कंपनीकडे आपोआप जात नाही. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) किंवा रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास बिलाची किंमत देणारं कव्हर) घेतलं असेल तर ते ॲक्सेसरीजना लागू आहे का, तेही शब्दांत वाचून घ्या.

जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाचे बदलही तुमच्या गळ्यात येतात. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायची असते. त्याच तपासणीत सगळ्या वस्तू नोंदवून घ्या.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा, कारणासह. मग एकच प्रश्न विचारा: ज्या बदलावर बोट ठेवलंय त्याने हे नुकसान झालं का? मागून ट्रकने ठोकलं आणि कंपनी न कळवलेल्या ॲलॉयकडे बोट दाखवत असेल, तर ॲलॉयचे पैसे न देणं ठीक, पण अख्खा क्लेम नाकारणं टिकवणं तिला अवघड जातं. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी ७५ टक्क्यांपर्यंत 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने क्लेम देता येतो. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते मान्य केलं होतं. तोच मुद्दा तक्रारीत लिहा. न कळवलेल्या सीएनजी किटने पेट घेतला असेल तर मात्र बाजू लंगडी असते, हे मनाशी धरून चाला.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते. अर्जासोबत वस्तूंची बिलं, त्या दिवशीचा ईमेल, एंडोर्समेंटचा कागद आणि गाडीचे अपघाताआधीचे फोटो लावा. हे फोटो एंडोर्समेंट मिळाल्याच्या दिवशीच काढून ठेवायचे: चारही बाजू, उघडं बोनेट, उघडी डिकी आणि चासी नंबर.