किनारपट्टीवरच्या गाडीत ट्रिम कव्हर चिकटवताना

ट्रिम कव्हर म्हणजे गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर शोभेसाठी चिकटवायचं आवरण. गिअरच्या दांड्याभोवतीच्या कन्सोलवर लावलेलं असं कव्हर पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यातून उचकटलं, तर टेपला शिव्या देण्याआधी डॅशबोर्ड पॉलिशची बाटली आठवा. सर्व्हिसिंगनंतर प्लास्टिकला आणून दिलेली चकाकी बहुधा सिलिकॉनची असते, आणि तिच्यावर गोंद धरत नाही. त्यात आपली हवा खारी आणि दमट. म्हणून अर्ध्याहून जास्त वेळ सफाईतच जातो, आणि तो जाऊ द्यावा.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, गाडीच्या मॉडेलप्रमाणे साच्यातून काढलेली एबीएस या कडक प्लास्टिकची कव्हर. मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप आधीच लावलेली असते. दुसरा, कार्बन फायबर किंवा लाकडी नक्षीचा विनाइल रोल, म्हणजे पातळ चिकट प्लास्टिक, आपणच कापून लावायचा. खरखरीत दाणेदार प्लास्टिकवर विनाइल फक्त दाण्यांच्या टोकांना चिकटतं आणि महिन्याभरात सुटतं. तिथे फोम टेपचं कव्हरच घ्या. पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळं कव्हर, दुकानात देखणं दिसतं, पण रत्नागिरी-राजापूरकडची जांभ्याची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने पुसली की आठवड्यात ओरखडे. मॅट घेतलेलं बरं.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, दव सुकल्यावर, सकाळी दहानंतर, सावलीत. प्लास्टिक साधारण २० ते ३५ अंशांत हवं. एसी लावून गाडी गार केली आणि मग दारं उघडली, तर थंड प्लास्टिकवर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो. त्यावर लावलेली टेप वाया गेली समजा. पावसाळ्यात करायचंच असेल, तर काचा बंद, एसी चालू आणि तापमानाचा नॉब गरमवर, अशी दहा मिनिटं हवा कोरडी करून घ्या.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी करा. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा, म्हणजे बॅटरीत घालतात ते. विहिरीचं पाणी नको, सुकल्यावर क्षारांचा थर राहतो. आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढा, सुकवा. मग एका मायक्रोफायबरने मिश्रण लावा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. आपोआप सुकू दिलं तर विरघळलेलं सिलिकॉन तिथेच परत बसतं. असं तीनदा. चकचकीत भागावर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा.

आता पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा गोल उभा राहिला तर एक तर पॉलिश शिल्लक आहे, नाही तर प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन (पीपी) आहे, ज्यावर गोंद सहज धरत नाही. पॅनेल सुटं निघत असेल तर पाठीमागे पीपी अशी अक्षरं कोरलेली असतात. अशा प्लास्टिकला टेपचा प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारं द्रव, पातळ लावून पाच मिनिटं सुकवावा लागतो.

टेपचा कागद काढण्याआधी कव्हर कोरडंच बसवून बघा. शेजारच्या पॅनेलपासून १ मिलिमीटर फट हवी. घासलं तर घाटात खडखड सुरू होते. जागा ठरली की एका कडेला मास्किंग टेप लावून बिजागरीसारखं धरा, कागद सोला आणि हळूहळू टेकवा. गोंदाला बोट लावू नका. हेअर ड्रायरने कव्हर कोमट करून प्रत्येक इंचावर अंगठ्याने १० ते १५ सेकंद दाबा, कोपऱ्यांना दुप्पट वेळ. टेपची पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास लागतात. तोवर धुणं नाही, आणि गाडी उन्हातही नको.

विनाइल कापताना चारी बाजूंनी १ सेंटिमीटर जास्त ठेवा. खोलगट खाचेत ते ताणून बसवू नका. ताणलेलं विनाइल मे महिन्याच्या उन्हात मूळ आकारात यायला बघतं आणि खाचेवर तंबूसारखं उभं राहतं. आधी गरम करा, खाचेत सैल सोडा, मगच कडा दाबा. पॉवर विंडोचं स्विच पॅनेल सोडवून लावलं तर कडा आत वळवता येतात. ते उचकटायला प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको.

एअरबॅग लिहिलेल्या कुठल्याही भागावर, म्हणजे स्टीअरिंगचा मधला भाग, डाव्या बाजूचा डॅशबोर्ड, काचेलगतचे खांब यांवर काहीही चिकटवू नका. एअरबॅग उघडताना ते कव्हर तुकड्यांनिशी अंगावर येतं. पेडलवरची चिकटवायची कव्हर तर घेऊच नका. डॅशबोर्डच्या माथ्यावर क्रोमही नको, समोरच्या काचेत चमकतं.

काढायची वेळ आली तर ओढून काढू नका. ड्रायरने गरम करा आणि गरीची तंगूस (मासे धरायची नायलॉनची दोरी) कव्हरखाली घालून करवतीसारखी फिरवा. उरलेला गोंद अंगठ्याने गोळा होतो. थिनर, पेट्रोल नको, एबीएस विरघळतं. खोबरेल तेलानेही गोंद सुटतो, फक्त त्यावर नवं कव्हर लावायचं असेल तर वरची सगळी सफाई पुन्हा पहिल्यापासून.